बॉटनी घेऊन पुढे काय?

आमच्या नात्यागोत्यात दरवर्षी बारावीचा निकाल लागला की कुणीतरी एक मूल "मला बॉटनी करायचंय" म्हणतं आणि मग मला फोन येतो. फोनचे दोन प्रकार असतात. पहिला: "तू त्याच लाइनमधली, जरा समजावून सांग गं तिला." (म्हणजे परावृत्त कर.) दुसरा: "पर्यावरणाला आता खूप स्कोप आहे म्हणतात, खरं का?" दोन्ही प्रकारच्या मंडळींना एकेकट्याला उत्तरं देऊन थकले, म्हणून यंदा एकदाच सगळं लिहून टाकते. पुढच्या वर्षी फोन आला की हेच वाचायला देईन.

माझं मत सुरुवातीलाच सांगते, म्हणजे ज्यांना ते पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. बॉटनी जरूर घ्यावी, पण ती वनस्पतींच्या ओढीने घ्यावी. 'संवर्धन' ह्या शब्दाच्या मोहाने घेऊ नये. हल्ली जो तो निसर्गसंवर्धन करायला निघालेला आहे. पायाखालचं गवत कुठलं हे सांगू शकणारी माणसं मात्र एका हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. ज्याला ती ओळख आहे त्याला काम कमी पडत नाही. पैसे कमी पडतात, ते वेगळं. त्याबद्दलही लिहिणार आहे, घाबरू नका.

उदाहरण म्हणून सडाच घेऊ. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या मंडळींना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या भाचरांसाठी: सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. मे महिन्यात त्यावर उभं राहिलात तर काळा-तांबडा कातळ, मधूनमधून वाळक्या गवताच्या काड्या आणि तळपायाला चटके. सातबाऱ्यावर बहुतेकदा 'पोटखराबा'. आता त्याच जागी जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात या. पहिल्या सरींबरोबर दीपकाडीची पांढरी फुलं कातळावरच्या चिमूटभर मातीतून वर आलेली असतात. जुलैत डबकी भरून त्यात पाणवनस्पती हलायला लागतात. ऑगस्टमध्ये गेंदाचे पांढरे गोंडे, आणि त्या गोंड्यांमधून निळीजांभळी सीतेची आसवं. मातीची जाडी किती, तर बोटाच्या पेरभर, फार तर वीतभर. तिच्यात नत्राचा पत्ता नाही, म्हणून सीतेच्या आसवांनी वेगळाच उद्योग मांडलेला असतो. खाली चिखलात बारीक बारीक फुगे असतात, त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घ्यायचे आणि पचवायचे. नाव इतकं करुण आणि बाई मांसाहारी! ऑक्टोबर उजाडला की सगळं पिवळं पडतं, नोव्हेंबरात पुन्हा काड्या. कंद आणि बिया पुढच्या जूनपर्यंत गप.

आता समजा ह्या सड्यावर एखादा प्रकल्प यायचा आहे. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय आघाताचा अहवाल करावा लागतो, तो करणारी सल्लागार संस्था मान्यताप्राप्त असावी लागते, आणि तिच्याकडे 'परिसंस्था आणि जैवविविधता' ह्या विषयाचा तज्ज्ञ असावा लागतो. म्हणजे बॉटनीवाल्याला इथे नोकरी आहे बरं का, स्कोप विचारणाऱ्यांनी नोंद घ्यावी. पण गंमत अशी, की अहवालाची आधारभूत माहिती सर्वसाधारणपणे पावसाळा सोडून एखाद्या ऋतूत गोळा करण्याची पद्धत आहे. हवेतली धूळ मोजायला ते बरोबरच आहे, पावसात धूळ कुठली मिळायला! सड्यावरची मंडळी मात्र नेमकी पावसाळ्यातच हजर असतात. मग तज्ज्ञ मार्चमध्ये येतो, गाडीतून उतरतो, चार फोटो काढतो आणि लिहितो, 'तुरळक गवत व झुडपे; दुर्मिळ वनस्पती आढळली नाही'. खोटं लिहीत नाही हो तो. त्या दिवशी त्याला आढळलेली नसतेच.

ज्याला खरी ओळख आहे तो मार्चमध्येसुद्धा वाळक्या देठावरून, फुटलेल्या बोंडाच्या सालीवरून, 'इथे काहीतरी आहे' हे ओळखतो आणि म्हणतो, जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा यावं लागेल. ह्या एका वाक्यासाठी त्याचं शिक्षण झालेलं असतं असं मी मानते. आणि ह्याच वाक्याची किंमतही त्याला मोजावी लागते, कारण त्यामुळे कुणाचेतरी चार-पाच महिने लांबतात. एका सल्लागार कंपनीला मी हे लेखी दिलं होतं. मानधन वेळेवर मिळालं. पुढचं काम मिळालं नाही, आजतागायत. असो.

तर मुद्दा असा, की ह्या क्षेत्रात करिअर 'असतं' का, हा प्रश्नच थोडा चुकीच्या टोकाकडून विचारलेला आहे. जुन्या माणसांचं बघितलं तर ते बहुतेकांनी दुसऱ्याच कुठल्यातरी खुंटीवर टांगलेलं दिसतं. अलेक्झांडर गिब्सन हा पेशाने डॉक्टर. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा अधीक्षक झाला आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक. त्याने डाल्झेलबरोबर लिहिलेली 'बॉम्बे फ्लोरा' १८६१ ची. पुढे ज्याच्या पुस्तकावर आम्ही सगळे पोसलो तो थिओडोर कुक पुण्याच्या सायन्स कॉलेजचा, म्हणजे आजच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, प्रिन्सिपॉल! त्याचे मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचे खंड १९०१ पासून निघायला लागले, आणि आजही सड्यावरून आणलेली काडी ओळखायला बसलं की टेबलावर कुक असतोच. फादर सांतापाऊ स्पेनमधून आलेले जेझुइट धर्मगुरू. मुंबईच्या सेंट झेविअर्समध्ये शिकवायचे, खंडाळ्याच्या वनस्पतींवर पुस्तक लिहिलं, आणि १९६१ ते १९६७ भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक होते. अगदी आत्ताच्या काळातलं म्हणाल तर 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' ज्यांच्या सॅकमध्ये असतं त्यांना ठाऊक असेल, की त्याचे लेखक श्रीकांत इंगळहळीकर हे इंजिनिअर.

आपल्या मालवणच्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांचं उदाहरण तर मला फार आवडतं. सातारा जिल्ह्यातल्या नदीत गोड्या पाण्यातला जेलीफिश त्यांना सापडला १९११ च्या सुमारास, म्हणजे नाव झालं ते प्राण्यामुळे. तीन वर्षांत कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्या पदासाठीच्या अभ्यासाला जर्मनीत गेले तर पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तिथेच स्थानबद्ध झाले. (आमच्या भाऊजींना मुलीच्या 'गॅप इयर'ची काळजी वाटते, त्यांनी हे वाचावं.) आणि इतकं सगळं झाल्यावर, निवृत्तीच्या वयात, पुण्यात १९४६ साली एक संशोधन संस्था उभी केली. तीच आजची आघारकर संशोधन संस्था. त्याच संस्थेतले वा. द. वर्तक आणि त्यांच्यासोबत माधव गाडगीळ ह्यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा धांडोळा घेतला. देवरायांबद्दल आज आपण इतकं बोलतो, त्याच्या मुळाशी गावोगाव पायी फिरून केलेल्या झाडांच्या याद्या आहेत. पुढे २०११ च्या पश्चिम घाट तज्ज्ञ समितीच्या अहवालामुळे गाडगीळांचं नाव घरोघरी गेलं. पण अहवालाच्या आधी याद्या होत्या, हे विसरू नये.

आणि जानकी अम्माळ. ह्या बाईंचा फोटो मी अभ्यासाच्या टेबलासमोर लावलेला आहे. १८९७ सालचा जन्म, १९३१ मध्ये अमेरिकेत मिशिगनला डॉक्टरेट, कोइमतूरला उसाच्या संकरावर काम, मग इंग्लंड. १९५१ मध्ये नेहरूंच्या बोलावण्यावरून भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची घडी बसवायला परत आल्या. सायलेंट व्हॅलीत धरण होऊ नये म्हणून वाद पेटला तेव्हा वय ऐंशीच्या घरात, तरी ह्यांनी काय करावं? तर तिथल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचं सर्वेक्षण हाती घेतलं. म्हणजे बुडणार काय आहे ते आधी नीट मोजून ठेवा! निषेधाचं पत्रक कुणीही काढेल. हे असलं काम करायला आयुष्यभराचा अभ्यास लागतो.

आता पैशाकडे येऊ, कारण वाचणाऱ्यांतल्या निम्म्या काका-मामांचे डोळे तिथेच लागलेले असणार.

सगळ्यात सुरक्षित वाट वनखात्याची. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला बॉटनीचा पदवीधर बसू शकतो, बॉटनी हा ऐच्छिक विषयही घेता येतो. जागा देशभरात मिळून वर्षाला दीडशेच्या आसपास, तेव्हा काय ते समजून जा. राज्याच्या सेवेत सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल एमपीएससीतून भरतात. नोकरी उत्तम, पण त्यातला किती वेळ झाडांजवळ जातो आणि किती फाइलींजवळ, हे एखाद्या वनक्षेत्रपालाला चहा पाजून विचारावं. (मारुती चितमपल्लींसारखा माणूस त्याच खात्यात राहून पुस्तकांवर पुस्तकं लिहून गेला, हेही खरं. त्यासाठी चितमपल्ली असावं लागतं.)

दुसरी वाट संशोधनाची. सीएसआयआरची नेट परीक्षा उत्तम तऱ्हेने पास झालात तर फेलोशिप. जानेवारी २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये आहे, शिवाय घरभाडं. पंचविशीतल्या मुलीला वाईट नाही, काय हो? फक्त तो पेपर 'जीवशास्त्रा'चा आहे. त्यात तेरा घटक, आणि वनस्पतींची विविधता व वर्गीकरण हा त्यातल्या एका घटकाचा तुकडा. बाकी बहुतेक पेशी, रेणू, जनुकं. ते शिकावंच लागतं, आणि शिकूही नये असं माझं म्हणणं नाही. पण त्यामुळे होतं असं, की हुशार मुलं नेटच्या तयारीत दोन वर्षं घालवतात आणि त्या दोन वर्षांत एकही पावसाळा बाहेर काढत नाहीत. मला ह्यात सगळ्यात जास्त नुकसान दिसतं. वनस्पती ओळखण्याचा डोळा पंचविशीच्या आत बसला तर बसतो, जशी भाषा लहानपणी बसते. (ह्याला शास्त्रीय पुरावा मागू नका, हा माझा अनुभव.)

तिसरी, कॉलेजात शिकवणं. इथे मी नऊ वर्षं काढली, त्यामुळे अधिकाराने बोलते. सेट झालेली होते, तरी नेमणूक तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास तितके पैसे, दिवाळीच्या सुट्टीत शून्य, उन्हाळ्यात शून्य, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा त्याच साहेबांसमोर "आपलं नाव?" कायमच्या जागा भरल्याच जात नव्हत्या. एका वर्षी विभागाचा मायक्रोस्कोप दुरुस्तीला पैसे नाहीत असं सांगितलं आणि त्याच महिन्यात प्रवेशद्वाराची कमान उभी राहिली. बोलायचं ठरवलं तर ह्यावर वेगळं प्रकरण होईल, पण आज विषय तो नाही. मुलांनो, शिकवायची आवड असेल तर हेही माहीत असू द्या, एवढंच.

चौथी वाट म्हणजे मी आज जे करते ते, त्याला नाव नाही. थोडी सर्वेक्षणं, थोडं प्रशिक्षण, एखाद्या संस्थेच्या प्रकल्पावर दीड वर्ष, मग चार महिने काही नाही, मग एकदम तीन कामं आणि तिन्ही ऑगस्टमध्येच. आईच्या जुन्या लुगड्यांच्या गोधडीसारखं आहे: तुकडे वेगवेगळे, पण पांघरूण होतं. गेली अकरा वर्षं घर चाललंय. नवऱ्याची नोकरी आहे म्हणून ते सोपं गेलं, हेही प्रांजळपणे सांगते. एकटीच्या जिवावर सुरुवातीची तीन-चार वर्षं निघाली नसती.

ह्या चौथ्या वाटेवर मध्यंतरी मोठीच लाट आली होती. जैवविविधता कायदा २००२ चा. त्यात प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती आणि गावाची लोक-जैवविविधता नोंदवही असावी असं म्हटलंय. कल्पना फार सुंदर. गावातल्या जाणत्यांनी सांगायचं, जाणकाराने नोंदवायचं: कुठली झाडं, कुठल्या रानभाज्या, कुठली औषधं, पूर्वी काय होतं, आता काय नाही. बरीच वर्षं सारं संथ चाललेलं. मग २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि त्यानंतर दरमहा दहा लाख रुपये दंड. झालं! महाराष्ट्रात ग्रामपंचायती सत्तावीस-अठ्ठावीस हजार. एकेका गावाला खरं तर चारही ऋतू पाहायला हवेत, आणि हाताशी काही महिने. नोंदवह्या धडाधड तयार झाल्या. त्यांतल्या काही मनापासून केलेल्या आहेत, मी पाहिल्यात. पण एका गावची वही उघडली तर तिच्यात सीता अशोक, संख्या चोवीस. मी उडालेच. सीता अशोक ही जात जगभरच्या धोक्यातल्या यादीत आहे, आणि इथे एका गावात चोवीस? धावत बघायला गेले. शाळेच्या कुंपणाला लागून ओळीने उभे असलेले ते उंच, सरळसोट, शोभेचे खोटे अशोक! 'अशोक' म्हणून कुणीतरी सांगितलं, कुणीतरी पुस्तकातून शास्त्रीय नाव उतरवलं, शिक्का बसला. उद्या कुणी ह्या वह्या जोडून राज्याची आकडेवारी काढली तर आपण सीता अशोकाच्या बाबतीत चांगलेच श्रीमंत ठरू.

हसायला येतं, पण ह्याची उलटी बाजूही बघा. ज्या गावात खरोखरच कंदीलपुष्पाची एखादी प्रदेशनिष्ठ जात आहे तिथे ती वहीत नाही, कारण ती वेल पावसाळ्यात गवतात दडलेली असते आणि गुराख्याशिवाय तिच्याकडे कुणी बघत नाही. गुराखी तिला ओळखतो, कारण तो लहानपणी तिचा कंद खणून खात आलेला असतो. खरपुडी म्हणेल, हमण म्हणेल. ती कागदावर आली नाही तर कायद्याच्या दृष्टीने ती तिथे नाहीच. नोंद हा संवर्धनाचा पहिला दगड आहे, आणि तो बसवायला बॉटनीवालाच लागतो. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ह्या कंदीलपुष्पांचा वर्षानुवर्षं माग काढला, डोंगर पालथे घातले, विद्यापीठाच्या बागेत त्या जाती आणून जोपासल्या. यादव आणि सरदेसाईंचं कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरचं पुस्तक २००२ चं आहे. माझी प्रत आता शिवणीतून सुटलीय. ह्या कामाला मी संवर्धन म्हणते.

आणि वृक्षारोपणाला? सगळ्याच वृक्षारोपणाला माझा विरोध नाही, नाहीतर सासूबाई उद्या जेवायला वाढायच्या नाहीत, त्यांनी दारात तीन वड लावलेत. पण २०१७ ते २०१९ मध्ये राज्याने पन्नास कोटी झाडांचा संकल्प सोडला होता, चार, तेरा आणि तेहेतीस कोटी असे. इतके खड्डे काढायचे तर मोकळी जागा हवी, आणि मोकळी म्हणून डोळ्यांसमोर येतात ती माळरानं आणि सडे. तिथे खड्डा काढून गिरिपुष्प लावलं की फोटोत हिरवं दिसतं. त्या माळावर शेकडो वर्षं गवत होतं, गवतावर माळढोक-तणमोर-लांडगे होते, धनगरांची मेंढरं होती, हे फोटोत दिसत नाही. 'ओसाड' हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. तिथे उभं राहून "साहेब, इथे झाड लावू नका" असं सांगायला धीर लागतो आणि त्या धिराच्या मागे गवतांची नावं लागतात. नुसतं "निसर्गाचा समतोल" म्हणून चालत नाही. साहेबांना समतोल आपल्यापेक्षा जास्त पाठ असतो.

म्हणून ज्या मुलांना यायचंय त्यांना माझं सांगणं: पहिली तीन वर्षं बाकी सगळं बाजूला ठेवून वनस्पती ओळखायला शिका. आपल्या गावाच्या चार किलोमीटरमधल्या. रद्दीतली वर्तमानपत्रं घ्या, दोन फळ्या आणि पट्टे घेऊन प्रेस बनवा, नमुना दाबा, रोज कागद बदला (पावसाळ्यात दिवसातून दोनदा, नाहीतर बुरशी ठरलेली). लेबलावर तारीख, जागा, माती कसली, फुलाचा रंग, कारण वाळल्यावर रंग जातो. आपला नमुना-क्रमांक एकपासून सुरू करा आणि आयुष्यभर तोच पुढे न्या. माझा परवा ४,३१२ झाला. दुर्मिळ झाड असेल तर उपटू नका, फोटो आणि नोंद पुरे. मग पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा मुंबईला ब्लॅटर हर्बेरियममध्ये रीतसर परवानगी काढून जा आणि शंभर वर्षांपूर्वी दाबलेली शीट आपल्या नमुन्याशेजारी ठेवून बघा. ज्या गावात ते झाड शंभर वर्षांपूर्वी मिळालं तिथे आज काय आहे, हा प्रश्न आपोआप पडतो. तिथून पुढे संवर्धन सुरू होतं, कुणी शिकवावं लागत नाही.

"मोबाइलमधलं अ‍ॅप नाव सांगतं की!" असं पुतणी म्हणाली. सांगतं ना. बागेतल्या फुलांची नव्वद टक्के बरोबर सांगत असेल. पण गेंदाच्या एकेका जातीतला फरक सूक्ष्मदर्शकाखाली फुलाचे भाग आणि बियांचं कवच बघून ठरतो. अ‍ॅपला वरून सगळे गोंडे सारखेच. शिवाय अ‍ॅपला शिकवलं कुणी? कुठल्यातरी माणसाने आधी नाव बरोबर सांगितलं म्हणून ते शिकलं. ती माणसं संपली की अ‍ॅप एकमेकांच्या चुका पाठ करत बसेल. बाकी संगणकावरचे नकाशे, संख्याशास्त्र, चांगलं इंग्रजी हे सगळं शिकायचंच आहे, त्यानेच पगार वाढतो. आणि आजीकडून, गुराख्याकडून, वैदूकडून झाडांची गावठी नावं लिहून घ्यायची, त्यांच्या नावानिशी. लॅटिन नावं बदलत राहतात. ज्याला शिवनेरीमुळे 'शिवसुमन' म्हणतात ती कड्यावरची शिंदळ माकुडी १८६५ मध्ये बार्टल फ्रियरच्या नावाने 'फ्रेरिया' झाली, मग तिची प्रजाती बदलली, मग पुन्हा बदलली. कड्याखालच्या वाडीत मात्र ती अजून शिंदळ माकुडीच.

आता राहिला आमच्या भाऊजींचा खरा प्रश्न, जो त्यांनी मला विचारला नाही, जाऊबाईंमार्फत पोचवला: "मुलीच्या जातीने रानावनात एकटीने हिंडायचं?" भाऊजी, एकटीने नाहीच हिंडायचं, मुलानेही हिंडू नये. सर्वेक्षणाला नेहमी दोघं-तिघं असतात, गावातलं एक माणूस बरोबर असतं, सरपंचाला आणि वनरक्षकाला आधी कळवलेलं असतं. इतक्या वर्षांत मला त्रास झाला तो फुरशांपेक्षा एसटीच्या वेळापत्रकाचा, आणि सबंध दिवसात आडोसा न मिळण्याचा. हा दुसरा त्रास खरा आहे, त्यावर कुणी लिहीत नाही, आणि कित्येक मुली त्यापायी पाणी न पिता दिवस काढतात. त्यावर उपाय म्हणजे दुपारच्या जेवणाची जागा गावातल्या घरात ठरवायची आणि त्या घरातल्या बाईशी आधी ओळख करून घ्यायची. बऱ्याचदा त्याच बाईला टोळ पुस्तकापेक्षा जास्त रानभाज्या ठाऊक असतात.

(वाक्य गडबडलं, पण राहू दे. 'टोळ पुस्तक' म्हणजे आमच्याकडे कुकचे खंड. कॉलेजात त्यांच्या पानांत एकदा चपटा झालेला टोळ सापडला होता, तेव्हापासून.)

पुतणीचा फॉर्म भरायला अजून आठवडा आहे. घाई करू नका, कुणाच्याही बाजूने. मी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सड्यावर चार दिवस आहे, गेंदांचे नमुने घ्यायचे आहेत, ती मदतनीस म्हणून येते आहे. प्रवेश तोवर जिथे घेतला असेल तिथे असेल, रजा काढता येते. भाऊजी, तुम्हीही या. सकाळी सातला निघू, डबा मी आणते. बूट जुने आणि तळाला खाचा असलेले घाला, ओल्या कातळावर शेवाळ फार असतं.